एरंडोलचं वळण आणि पंचवीसची हवा

मंगळवार, १४ ऑक्टोबर, संध्याकाळ

परवा इथे लिहिलं की धुळ्याहून येताना एरंडोलच्या वळणावर गाडी लहरली, तो गाडीचा दोष. चूक. चाकांत हवा कमी होती आणि ती मीच कमी केली होती.

या छोट्या टर्बो गाडीचं सस्पेन्शन कडक, शेजारी बसलेल्या नानांची, माझ्या वडिलांची, पाठ दुखते, म्हणून. त्यांनीच शिकवलंय ना, धरणगावच्या शेतरस्त्यावर, जुन्या जीपवर: "पंचवीसच हवा ठेव माय, दणका लागत नही." आज दारावरचा, हवा किती भरायची ते सांगणारा स्टिकर वाचला. तेहतीस. दोन वर्षं रोज ते दार उघडते मी!

तेहतीस भरली आणि ऑफिस सुटल्यावर मुद्दाम त्याच वळणावर गेले. रुळावरून गेल्यासारखी वळली. पुढे मोकळ्या रस्त्यावर जरा दाबली, तर अशी झेपावली की एकटीच हसले. दोन वर्षांत एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही बिचारी, आणि मी तिच्यावर आळ घेतला.

नाना मात्र परवापासून घाबरलेत. "इतली पळणारी गाडी आपले काय करनी शे? इकी टाक." विकायचंच ठरवलंय त्यांनी; रविवारी गाडी बघायला गिऱ्हाईक येतंय.

सांगायचं तर त्यांची पंचवीस चुकीची ठरते. त्यांना लागेल का? पण जीपला ती बरोबरच होती, हेही खरंच आहे. आधी तेच सांगेन. मग तेहतीस.

शनिवारी सकाळी, ते त्यांचं दुकान उघडायला जायच्या आत.