वैनीच्या तिसऱ्यांचा शिंपला

माय, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वैनीचा हेवा काही माझ्या मनातून जात नाही. अण्णा नोकरीला रत्नागिरीकडं गेला आणि तिकडचीच बायको करून आला, तेव्हापासूनचा आहे तो.

पहिल्याच दिवाळीला तिनं बर्फाच्या पेटीतून तिसऱ्या आणल्या. दगडासारखे टणक, घट्ट मिटलेले शिंपले. आपल्या संतपुरात शिंपला म्हणजे दुधाचं भांडं खरवडायचं साधन. त्यात जेवण असतं हे कुणाला ठाऊक? वैनीनं विळीवर एकेक उघडला, रिकामी शिंपी टाकली, मांस चिकटलेली तेवढी ठेवली आणि खोबऱ्याच्या वाटणात शिजवली. याला आमच्याकडे एकशिपी म्हणतात, म्हणाली. तू ताटाकडं बघत बसलीस.

"हे सोलायचं का चावायचं गं?"

"चोखायचं, आई."

बाजारात मासळीजवळून नाकाला पदर लावून जाणारी तू, चोखलंस. वर म्हणालीस, "ग्वाड लागायलंय की!" माझ्या कालवणात तुला जन्मभर मीठ कमीच लागलं. मी भाकरी थापत ऐकत होते आणि माझा नुसता तिळपापड होत होता.

पुढं तो शब्दही तुझ्या तोंडी बसला. तुरीच्या ओल्या शेंगा सोलताना दाणे एकाच फोलाला चिकटून राहिले की शेजारणीला दाखवायचीस, "बघ अक्का, एकशिपी!" आणि कहर म्हणजे, मांजरा नदीच्या वाळूतला आपला जुना शिंपला, ज्यानं पातेलं खरवडून तू मला खरवड चारायचीस, तो कोनाड्यात पडला. त्याच्या जागी वैनीच्या तिसरीचा आला. मी विचारलं, "कामून गं?" तर म्हणालीस, "याची कड बारीक हाय." तेवढंच.

परवा माहेरी गेले होते. वैनी त्याच तिसरीच्या शिंपल्यानं दुधाचं पातेलं खरवडतेय, तिची नात वाटी घेऊन बसलीय. पण खरवड नेहमीसारखी माझ्यापुढं येते. इतकी वर्षं मला वाटायचं, पाहुणीचा मान करते.

"दे की पोरीला. दर वेळी मलाच कामून?"

"तुमचीच हाय ती," वैनी म्हणाली. आता ती आपल्यासारखंच बोलते. "आई सांगून गेल्या. माझी लेक आली की खरवड तिचीच, लेकरं रडली तरी द्यायची न्हाई."

मला का नाही सांगितलंस, माय? तिला सांगितलंस, याचाही हेवाच वाटला. खरवड मात्र सगळी खाल्ली. आणि वैनी आत गेल्यावर तो शिंपलाही चाटला.