फौजदाराचं पाणी

सोमवार, ४ मार्च
वहीबाई, माफी. नोव्हेंबरपासून तुला उघडलं नाही. कारणं होती, पण लिहायला घेतली की सबबी वाटतात. सोड.

लेक वसतिगृहात गेली आणि तिचा सोनेरी मासा, फौजदार, माझ्या गळ्यात पडला. खरं लिहायचं तर जाताना ती म्हणाली होती, "आजोबा, याच्याकडे तुम्ही बघा हं." मीच मध्ये तोंड घातलं — "अप्पांना कशाला व्याप!" सासरे "बरं" म्हणून खोलीत गेले.

तर आज ऑफिसातून आल्यावर टाकीत तपासणीची पट्टी बुडवली. पीएच आठ! लेकीच्या चिठ्ठीत साडेसात लिहिलंय. बाटलीतले पीएच उतरवायचे चार थेंब टाकले. सतरा तारखेला, रविवारी ती येणार. तोवर हा जगला पाहिजे!

मंगळवार, ५ मार्च
पुन्हा आठ! काल माझ्या डोळ्यांदेखत उतरलं होतं. पाच थेंब.

नवरा : "स्वतःचा रक्तदाब कधी मोजला होतास?"

गुरुवार, ७ मार्च
आठच्याही वर. सहा थेंब. फौजदार कोपऱ्यात तोंड फिरवून बसलाय, खात नाही. मलाही जेवण गेलं नाही — हे जरा अतीच होतंय, कळतंय मला.

अप्पा पेपरातून मान वर न काढता, "सूनबाई, नापास करून टाक त्याला एकदाचा."

आणखी एक. पट्ट्यांची डबी नवी होती. मी वापरल्या चार, कमी झाल्यात आठ! स्वयंपाकघरातला खायचा सोडाही तळाला गेलाय. विसरभोळी झाले की काय मी? चाळिशीतच?

शुक्रवार, ८ मार्च
माशांच्या दुकानात गेले (पाळायच्या, खायच्या नव्हे). दुकानदार हसला. "ताई, टाकीत झाडं आहेत ना? मग पाणी सकाळी थोडं उतरणार, संध्याकाळी थोडं चढणार. त्याची त्याला सवय असते. तुम्ही आकड्याच्या मागे लागलात की मासा जातो." सकाळीही मोजून बघा म्हणाला. सकाळी साडेसातला मी बसस्टॉपवर असते!

मला वाटलं होतं, मी काळजी घेतेय.

शनिवार, ९ मार्च
सुट्टी. सकाळी भाजीला निघाले, पिशवी विसरले, परत आले. टाकीसमोर अप्पा — एका हातात पट्टी, दुसऱ्यात चमचा, नाकावर चष्मा.

"काय रे फौजदारा, आज साडेसहा? ही बाई तुझं लोणचं घालणार!"

आणि सोडा पाण्यात!

"अप्पा!"

चमचा पाठीमागे. सत्तरी ओलांडलेला माणूस!

"अहो, मी रोज संध्याकाळी उतरवतेय!"

"आणि मी रोज सकाळी चढवतोय!"

बिचारा फौजदार आठवडाभर जिने चढत-उतरत होता. आम्ही दोघं पोट धरून हसलो. अप्पांचं असं हसणं लेक गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तूच म्हणालीस ना, मला व्याप नको."

थेंब बंद, सोडा बंद. थोडं पाणी बदललं, तेही दोघांनी मिळून. पण अप्पांचं ते वाक्य काही मनातून उतरत नाहीये.

बुधवार, १३ मार्च
पीएच सकाळी सात पॉइंट दोन, संध्याकाळी साडेसात. कोणी बोटही लावलेलं नाही. फौजदार जेवला!

रविवार, १७ मार्च
लेक आली. चपला काढता काढता माझ्या हातातली डबी बघून तिनं विचारलं, "पट्ट्या तुझ्याकडे कशा? चिठ्ठी आजोबांसाठी होती!"

फौजदाराला ती सोबत नेऊ शकत होती. खोलीत मासे चालतात तिथे. "मुद्दाम ठेवला गं आई. तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. आजोबांनी बोलायचं कोणाशी?"

उद्या : टाकी अप्पांच्या खोलीत हलवणे.