एका मताने पडलेला ठराव

प्रिय थेल्मा,

सोमवारी तू परत येतेयस. आपल्या निवृत्तांच्या वसाहतीत अंघोळीला, औषधांना मदत लागणाऱ्यांसाठी नवी इमारत उभी राहिली आहे. तुझ्या खोलीतून गोठलेलं तळं दिसतं.

ही इमारत बांधायचा ठराव तीन वर्षांपूर्वी रहिवाशांच्या सभेत अवघ्या एका मताने पडला होता. पुढच्याच महिन्यात तू बाथरूममध्ये पडलीस आणि तुला साठ मैलांवरच्या शुश्रूषागृहात जावं लागलं. ऑर्व्हिल सभेत ठरावाविरुद्ध तावातावाने बोलला होता, म्हणून दर भेटीत तू म्हणायचीस, "त्या मेल्यानेच घात केला माझा!" मी समोर बसून तुझ्यासाठी बटाट्याची लेफ्से, ती पातळ पोळी, गुंडाळत राहायचे.

काल ऑर्व्हिल भेटला. म्हणाला, "थेल्माची व्हीलचेअर मी ढकलणार हं."

"तुझा तर विरोध होता ना?"

"तोंडाने बडबडलो गं. मताच्या चिठ्ठीवर 'हो'च लिहिलं. बायकोचे हाल पाहिले होते मी."

चिठ्ठीवर 'नाही' मी लिहिलं होतं, थेल्मा. जेवणाच्या हॉलमध्ये रोज व्हीलचेअर बघायची मला भीती वाटत होती. तेव्हा तुझ्या हातात काठीसुद्धा नव्हती.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. ऑर्व्हिल तुला खोलीत घेऊन आला, की त्याच्यादेखत तोंडाने सांगेन. मग मला बस म्हण, नाहीतर हाकलून दे.

तुझी धाकटी बहीण,
व्हर्ना