पाहुण्या संघाची पंगत

मंडी मोहल्ला, म्हैसूर
रविवार, जेवणानंतर

तीर्थरूप अण्णांच्या चरणी धाकटा भाऊ सुधींद्र याचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण कंबर धरली आहे. आठांपैकी जेवढी अंगं वाकतात तेवढ्यांचा स्वीकारावा.)

पुण्यात आपण सर्व खुशाल असालच. वहिनींचा गुडघा, निशांतची परीक्षा आणि आपलं पित्त, सगळ्यांची क्रमाने विचारपूस केली असं समजावं. इकडे आम्ही ठीक आहोत. आईची तब्येत तिच्या वयाच्या मानाने चांगली आणि माझ्या मानाने तर फारच चांगली. मी एकाएकी 'आपण' का म्हणू लागलो, असं वाटलं असेल. ज्याच्याशी लहानपणी एका पांघरुणावरून भांडणं झाली त्या भावाला कोणी आपण म्हणत नाही, हे मलाही कळतं. त्याचा खुलासा शेवटी करीन. फोन सोडून पत्र का, ते मात्र आत्ताच सांगतो. फोनवर आपण गाडी चालवत असता आणि माझ्या दर वाक्याला "हं, बोल बोल" म्हणता. पत्राला हं म्हणून भागत नाही, ते वाचावं लागतं.

तर विषय असा. आमच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाने घरचे सामने कुठे खेळावेत हे ठरवायला एक समिती नेमली गेली आणि मी तिचा अध्यक्ष झालो. ज्याने आयुष्यात चेंडू हातात धरला तो फक्त भिंतीपलीकडे परत टाकण्यासाठी, त्याला अध्यक्ष का करावं? प्राचार्या म्हणाल्या, हिशेब शिकवणारी माणसं कोणाची बाजू घेत नाहीत. खरं कारण वेगळंच होतं. या प्रकरणात फिर्यादी माझी मुलगी हरिणी (ती संघाची कॅप्टन आहे, हे आपल्याला मी दोनदा सांगितलं आहे), आरोपी आपली आई आणि गुन्ह्याची जागा आपलं स्वयंपाकघर. अशा भानगडीत दुसरा कोणी शहाणा माणूस कशाला पडेल?

आपल्या परसातली भिंत, भिंतीतलं ते लाकडी दार आणि दारापलीकडचं कॉलेजचं सिमेंटचं कोर्ट आपल्याला आठवत असेल. सगळं जागच्या जागी आहे. आता आई बेळगावचं मराठी वर्तमानपत्र वाचते. ते आम्हाला एक दिवस शिळं मिळतं, म्हणून ती ते एकही पान न सोडता वाचते, जणू शिळ्याची भरपाई. दोनेक वर्षांपूर्वी क्रीडापानावर तिने वाचलं, 'यजमान संघाने पाहुण्या संघाचा धुव्वा उडवला.' तिने चष्मा काढून ठेवला. "पाहुण्यांना बोलावून धुव्वा उडवतात? आणि वर पेपरात छापतात?" मी तिला समजावलं की ही नुसती बोलण्याची रीत, ज्यांच्या गावात खेळतात ते यजमान, बाहेरून येतात ते पाहुणे. तिने एवढंच विचारलं की, बोलावतात ते जेवायला घालतात की नाही. मी म्हटलं, बिस्किटाचा पुडा देतात. तिथेच सगळं ठरलं.

तेव्हापासून घरच्या प्रत्येक सामन्याच्या दिवशी परसातलं दार उघडतं आणि पाहुणा संघ आपल्या ओसरीवर केळीच्या पानावर बसतो. कोसंबरी, चित्रान्न, सारू आणि हयग्रीव. (पुणेकर झालात म्हणून आठवण करून देतो. हरभऱ्याची डाळ, गूळ, खोबरं, आणि तूप किती ते विचारायचं नाही. याच भांड्याच्या खरवडीवरून आपल्यात पळी वाकली होती. ती पळी अजून वाकडीच आहे.) आई आग्रह कसा करते हे आपण जाणता. नको म्हणणाऱ्या हातावरच वाढते. एच. डी. कोटेहून आलेली एक उंच मुलगी तिसऱ्यांदा वाढून घेऊन कोर्टावर गेली ती रिंगखाली खांबाला टेकून उभी राहिली आणि सामना संपेपर्यंत तिथून हलली नाही. आमच्या मुली तिच्या दोन्ही बाजूंनी ये-जा करत होत्या. ती त्यांच्याकडे फार मायेने पाहत होती.

परिणामी दोन वर्षं आमचा संघ घरी एकही सामना हरला नाही आणि बाहेर क्वचितच जिंकला. आमचे क्रीडाशिक्षक अंबाजीराव याचं श्रेय आपल्या शिट्टीला देत राहिले. मग लीगच्या कचेरीतून तक्रार आली की, यजमान महाविद्यालयात 'पाहुण्या संघाच्या हालचाली मंदावणारा आहार' दिला जातो. पाठोपाठ कोणीतरी आमच्या संघाला हयग्रीव टीम असं नाव ठेवलं. झालं. हरिणी त्या दिवशी घरी आली ती बूट न काढता सरळ स्वयंपाकघरात.

"अज्जी, आम्ही मॅच जिंकतच नाही. तुझी डाळ जिंकते!"

"म्हणजे घरचंच कोणीतरी जिंकलं की ग," आई म्हणाली.

"सुम्ने उगाच थट्टा करू नको, अज्जी. मला खरं जिंकायचंय." आणि ती रडली. ती सहसा रडत नाही, अण्णा. पहाटे अंधार असतानाच उठून त्या सिमेंटवर ती एकटी चेंडू आपटत असते, मी खिडकीतून पाहतो. तिने इतका घाम गाळून मिळवलेलं यश लोक डाळ-गुळाच्या नावावर मांडतात, हे तिला लागलं, आणि मलाही लागलं. तिची मागणी सरळ होती. घरचे सामने बेळगोळच्या नव्या बंदिस्त हॉलमध्ये व्हावेत, लाकडी जमिनीवर, आणि अज्जी आणि तिची भांडी चौदा किलोमीटर दूर राहावीत. प्राचार्यांनाही ते पसंत होतं, कारण त्या हॉलमध्ये फोटो चांगले येतात.

अध्यक्ष म्हणून मला दोन्ही बाजू ऐकायच्या होत्या. आईची बाजू आई कधी मांडत नाही, ती मला आठवावी लागली. बाबा होते तेव्हा दसऱ्याला आपल्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. कोणाचा चुलत मेहुणा, कोणाच्या शेजाऱ्याची मुलगी, कोणी इस्पितळासाठी, कोणी कोर्टाच्या तारखेसाठी, धारवाडपासून तंजावरपर्यंतची आपली माणसं सतरंज्यांवर ओळीने झोपलेली. आता दसऱ्याला माणसं येतातच, पण मोबाइलवर हॉटेल ठरवून येतात आणि जाताना मिठाईचा डबा देऊन जातात. आईच्या हाताला वीस माणसांचं माप बसलेलं आहे. आम्हा चौघांच्या वरणात मीठ चुकतं ते त्यामुळेच. सामना म्हणजे तिला पंधरवड्यातून एकदा भरलेलं घर. ते मी बेळगोळला पाठवायचं की नाही, हा खरा प्रश्न होता. तो समितीच्या कागदावर कुठेच नव्हता.

त्या 'यजमान' शब्दावरही मी बराच विचार केला. अंबाजीराव कन्नडमध्ये यजमान म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात मालक असतो, घराचा धनी, ज्याचं सगळ्यांनी ऐकायचं. आपण मराठीत म्हणतो तो वाढणारा, सगळ्यांचं झाल्यावर जेवणारा. (आमच्या घरी तिसराही अर्थ आहे, पण आमच्या सौ. म्हणतात की, त्यांच्या यजमानात या दोहोंपैकी एकही लक्षण दिसत नाही.) मग आपलं कोर्ट कोणतं म्हणायचं? जिथे आपण मालक असतो ते, की जिथे आपल्याला वाढावं लागतं ते?

शेवटी एक सामना बेळगोळला खेळून पाहायचं ठरलं. तो रस्ता आपल्या पायाखालचा, कारण आपण कामासाठी येता तो आपल्या कंपनीचा कारखाना आणि पाहुणेघर तिकडेच, म्हणून वर्णन करत नाही. हॉल झकास. विजेच्या फलकावर आमच्या नावावर 'होम' आणि समोरच्यांच्या नावावर 'गेस्ट' लिहिलेलं. गंमत अशी की, त्या गेस्ट मुलींचं कॉलेज त्याच रस्त्यावर, दोन वळणं पुढे. त्या चालत आल्या, बरोबर त्यांचं निम्मं कॉलेज. आमच्या मुली बसमध्ये मळमळून उतरल्या, आणि आमच्या बाजूने टाळ्या वाजवायला मी, आमच्या सौ. आणि अंबाजीराव. आई घरी राहायला तयार नव्हती. ती मांडीवर डबा घेऊन माझ्याबरोबर रिक्षात बसली. पण बाहेरचं अन्न आत न्यायला बंदी, आणि डबा टाकून आत यायला आईची तयारी नाही, म्हणून ती रखवालदाराच्या खुर्चीवर फाटकापाशीच बसली.

आणि तिथे जे झालं ते समितीत कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. समोरच्या संघाच्या हॉस्टेलच्या बाई पूर्वी मुलींबरोबर आपल्या ओसरीवर जेवून गेलेल्या. भवानी अज्जीच्या (आई तिकडे याच नावाने प्रसिद्ध आहे) मुली आमच्या दारात आल्या आणि उपाशी खेळल्या, असं कसं होईल, म्हणत त्यांनी आमचा सगळा संघ सामन्याआधी हॉस्टेलात नेला आणि नाचणीचे मुद्दे, त्यावर बस्सारूची आमटी आणि वर ओब्बट्टू, म्हणजे तुमची पुरणपोळी, असं रीतसर जेवू घातलं. हरिणी नको म्हणू शकली असती. पण ती आईची नात. वाढलेलं पान टाकून उठणं तिला शिकवलेलंच नाही. पहिल्या दहा मिनिटांत आमचा धुव्वा उडाला. हरिणी स्वतः एकदा रिंगखाली खांबाला टेकून उभी असलेली मी या डोळ्यांनी पाहिली.

परतल्यावर समितीची बैठक दहा मिनिटांत आटोपली. फलकावर काहीही लिहा, ज्याला जेवायला घालतात तो पाहुणा, आणि जिथे आपल्यालाच वाढावं लागतं ते घर, असा मी अहवाल दिला. (इंग्रजीत दिला. तिथे तो एवढा बरा वाटला नाही.) घरचे सामने आपल्या सिमेंटवरच व्हावेत. फक्त पंगत सामन्यानंतर. प्राचार्यांनी फोटोंसाठी उसासा टाकला आणि सही केली. अडली ती आई. दारात आलेल्याला आधी पळवायचं आणि मग जेवायला घालायचं, हे तिच्या पचनी पडेना. तेव्हा हरिणीच तिच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, "अज्जी, आधी जेवतात आणि मॅच झाली की बस पकडून जातात. नंतर ऊटाला, जेवायला बसवलंस तर संध्याकाळपर्यंत राहतात बघ. स्वल्प गप्पा पण होतात." मग आईने डाळ आणखी एक मापटं जास्त भिजत घातली.

आज त्या नव्या नियमाचा पहिला सामना झाला. रिकाम्या पोटाच्या पाहुण्यांनी आम्हाला व्यवस्थित हरवलं. शेवटच्या क्षणापर्यंत चुरस होती, आणि मी, ज्याला नियम कळत नाहीत, खुर्चीवर उभा राहून ओरडत होतो (कंबर तेव्हाच धरली). हरिणी आत आली, तोंड धुतलं, आणि जिने तिला हरवलं तिच्याच पानावर तुपाची धार धरली. आईने ते पाहिलं आणि नंतर तिला पुढची पंगतही वाढायला सांगितली. पाहुण्या मुली दिवेलागणीपर्यंत थांबणार असं दिसतं. मी हे लिहीत असताना ओसरीवरून त्यांचं हसणं ऐकू येतं आहे.

वहिनींना नमस्कार, निशांतला आशीर्वाद. पत्र लांबलं, पण आपण हं न म्हणता इथवर आलात.

आपला आज्ञाधारक,
सुधींद्र

ता. क. बेळगोळहून परतताना रिक्षात आई म्हणाली, "पांढऱ्या गाडीत मागे बसलेला एक जण अगदी आपल्या अण्णासारखा दिसला. फोनवर बोलत होता." थोड्या वेळाने तीच म्हणाली, "तो कसा असेल? आला असता तर कळवलं नसतं का?" मी म्हटलं, पांढऱ्या गाडीत मागे बसून फोनवर बोलणारे सगळे सारखेच दिसतात. डबा तिने घरापर्यंत मांडीवरून खाली ठेवला नाही. आपण होतात की नव्हतात, हे मी विचारत नाही.

दुसरी ता. क. 'आपण'चा खुलासा. मागच्या खेपेला आपण तासाभरासाठी आलात तेव्हा आईने चांदीचं ताट काढलं आणि आपल्याला पहिल्या पंगतीला एकट्याला बसवलं. आपल्याला वाटलं, लाड. अण्णा, आपल्या घरात पहिली पंगत कोणाची असते?

तिसरी आणि शेवटची. आता आपण-बिपण पुरे. पंधरा दिवसांनी, रविवारीच, लीगचा शेवटचा घरचा सामना आहे. तू ये. बॅग पाहुणेघरात नाही, इथे टाक. चांदीचं ताट मी माळ्यावर लपवलं आहे. पाहुण्यांच्या पंगतीत तुला जागा नाही, तू वाढायला उभं राहायचंस, कारण माझी कंबर धरली आहे. आपण दोघांनी बसायचं ते सगळ्यांच्या शेवटी, उरेल त्यावर. हयग्रीव उरणार नाही. खरवड उरेल. मला साखरेमुळे बंद आहे, हरिणी शिवत नाही, तरी सामन्याच्या दिवशी आई ते भांडं संध्याकाळपर्यंत भिजत घालत नाही. आजही तसंच ठेवलं आहे, वाकडी पळी आतच.