बाबांसाठी पाठवलेला कॉम्प्युटर

आंधळगाव, ता. मोहाडी
रविवार, १२ फेब्रुवारी २०२३

चि. सौ. स्वातीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक आहेत. थंडीत आईचा गुडघा धरला होता, आता ऊन तापायला लागलं तसा बरा आहे. संजीवरावांना माझा नमस्कार सांग. दामिनीची दहावीची परीक्षा तोंडावर आली असेल. तिला म्हणावं, गणिताचा बाऊ करू नको, मामालाही दोनदा रडवलं होतं त्यानं.

फोन केला असता, पण गेल्या आठवड्यात दोनदा केला आणि दोन्ही वेळा आईच्या गुडघ्याबद्दल बोलून ठेवून दिला. म्हणून कागद घेतला.

आधी गावची बातमी. आपल्या वाचनालयाला पाच जुने कॉम्प्युटर मिळाले. नागपूरच्या एका ऑफिसानं नवे घेतले, तर हे इकडे दिले. अध्यक्ष ताराचंदभाऊ म्हणाले, "मोहाडीले तुझा क्लास हाये, तं आता हे तूच पाय." त्यांच्यावरचं विंडोज इतकं जुनं झालेलं की त्याला सुधारणा येणं बंद झालंय, आणि नवं त्या मशिनींना झेपत नाही. मग लिनक्स टाकायचं ठरलं. ते फुकट असतं, कुणीही घ्यावं, कुणालाही द्यावं, पाहिजे तसं बदलावं. पण लिनक्सचे प्रकार पन्नास. त्यातला कोणता, हे ठरवायला मी आठ दिवस घेतले. माझ्या क्लासची पोरं हसली, सर इतका विचार कशाचा करून राहिले म्हणून.

तीन पेनड्राइव्हवर तीन प्रकार घेतले. पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतं, आतल्या कशाला धक्का लागत नाही. कळांवर मराठी अक्षरांचे कागद चिकटवले आणि वाचनालय झाडायला येणाऱ्या शकुनबाईंना खुर्चीवर बसवलं. त्या चौथी शिकलेल्या, वय साठीचं. त्यांना म्हटलं, "यात तुमचं नाव लिहून दाखवा. मी काही सांगणार नाही."

पहिल्यात त्यांना सुरुवात कुठून करायची तेच सापडेना. दुसरं दिसायला छान, पण त्या जुन्या मशिनीवर रांगत होतं. तिसरं मिंट नावाचं, त्यातली हलकी आवृत्ती. खाली डाव्या कोपऱ्यात एकच बटण, ते दाबलं की सगळी यादी मराठीत. शकुनबाई एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेल्या आणि म्हणाल्या, "अवो, हे तं आपल्यासारखं बोलते!" वीस मिनिटांत त्यांनी नाव लिहिलं. नवऱ्याचंही लिहिलं, लाजत. मी तेच पाचही मशिनींवर टाकलं.

परवा इश्वरकाका आले. बाबांच्या शेजारच्या हातमागावर विणायला बसायचे ते. त्यांना मी चित्र काढायचा प्रोग्राम उघडून दिला, त्यात आलेखाच्या कागदासारखे चौकोन दाखवता येतात. तासाभरात त्यांनी साडीच्या करवतीकाठाचे दाते एकाखाली एक भरून काढले. रंग बदलून पाहिले. मग माझ्याकडे न बघताच बाबांचं नाव काढून म्हणाले, "मधुकरभाऊ असते तं इथून उठलेच नसते."

मी बाहेर येऊन हातपंपापाशी उभा राहिलो. ताराचंदभाऊंनी हाक मारली तरी आत गेलो नाही.

स्वाती, आता जे लिहायचं त्यासाठीच हा कागद घेतलाय.

२०१० च्या दिवाळीआधी तू आणि संजीवराव जवाहरनगरहून तुझा कॉम्प्युटर घेऊन आलात. बाबा तेव्हा पवनीला लग्नाला गेले होते, चार दिवसांसाठी. तुम्ही मशीन ठेवलं आणि संध्याकाळी परत गेलात. तू त्याच्यावर सोपं लिनक्स टाकून आणलं होतंस, सगळं मराठीत, आणि नक्षी काढायच्या प्रोग्रामचं चित्र पडद्याच्या मधोमध. सोबत मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद: आधी हे दाबा, मग ते दाबा.

बाबा परत यायच्या आत मी ते सगळं पुसून टाकलं.

तुझा कागद खोक्यासोबत फेकून दिला.

मी तेव्हा नागपूरच्या मित्रांत उठबस करायचो. आमच्यात सोपं लिनक्स वापरणाऱ्याला हसायचे. पडदा जितका काळा आणि हातानं टाइप करायचं जितकं जास्त, तितका माणूस हुशार. शिवाय तुला माउस धरायला मी शिकवलं होतं, आणि तू मला न विचारता बाबांसाठी निवड केलीस, हे मला लागलं. मी माझ्या आवडीचं, कठीण ते टाकलं. मनाला सांगितलं, बाबांना खरं शिकू दे.

बाबांना इंग्रजीत सही तेवढी यायची. नक्षीचा प्रोग्राम उघडायला त्याचं नाव टाइप करावं लागे. ते अक्षरं आलेखाच्या कागदावर उतरवून घ्यायचे, एकेका चौकोनात एकेक. एक टिंब चुकलं की पडदा इंग्रजीत काहीतरी सांगायचा आणि बाबा माझ्याकडे बघायचे. अकरा दिवस ते रोज बसले. एका दुपारी भैय्यालाल आणि आणखी दोघे विणकर मुद्दाम बघायला आले. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता. प्रोग्राम उघडेना. त्यांनी विचारलं, "भूपेंद्र, पुढं काय दाबू रे?" तिसऱ्यांदा विचारलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बाबा, तुमच्यानं हे होत नाही. सोडून द्या."

ते उठले. मशिनीवर धोतराचं फडकं टाकलं. लोक गेल्यावर आईनं विचारलं, काय झालं. तर म्हणाले, "स्वातीले वाटलं असंल, बापाले सगळंच येते. पोरीनं मले ओळखलंच नाही."

पडद्यावरची ती काळी पाटी तूच पाठवलीस असं त्यांना वाटत होतं. मी दारात उभा होतो. ऐकलं आणि गप्प बसलो.

दोन दिवसांनी तुझा फोन आला. तू विचारलंस, "दादा, बाबांनी नक्षी काढली का?" मी म्हणालो, "बाबांना नको आहे ते. म्हणाले, पोरीनं हे झंझट कायले पाठवलं." बाबा असं कधीच म्हणाले नव्हते, तो शब्द माझा. तू फक्त "बरं" म्हणालीस.

भाऊबीजेला आलीस, अर्धा तास बसलीस, फडक्याखालच्या मशिनीकडे पाहिलंस आणि काही विचारलं नाहीस. बाबांनीही विषय काढला नाही. तुम्ही दोघं एकाच मातीचे, लागलेलं बोलून दाखवायचं नाही. मला ते ठाऊक होतं, आणि त्याच्याच भरवशावर माझं खोटं टिकलं.

पुढच्या वर्षी तर भाऊबीजेलाही आली नाहीस. पौषात बाबांनी अंथरूण धरलं तेव्हा तुला कळवायला मी उशीर केला, हे तू बाबा गेले त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललीस. ते खरं होतं. पण पुढचं तुला माहीत नाही. अंथरुणावरून बाबा मला विचारायचे, "स्वाती काहून येऊन नाही राहिली?" मी म्हणायचो, "तिच्या घरी कामं असतात, बाबा." तीन-चारदा विचारलं. मग विचारणं सोडून दिलं. मला भीती होती, तू आलीस आणि दोघं बोललात तर सगळं उघडं पडेल. त्या भीतीपायी मी तुला शेवटच्या दिवशी बोलावलं, आणि तू पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या दिवशी उंबऱ्यात बसून तू मावशीला म्हणालीस, "बाबांना माझं काही नकोच होतं." तेही मी ऐकलं. त्याला अकरा वर्षं झाली.

काल आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही तिचा. सूप खाली ठेवल्यावर म्हणाली, "तिले लिव. अन् धाडाच्या आधी मले वाचून दाखव."

आज दुपारी वाचून दाखवलं. पहिल्या खेपेला मी लिहिलं होतं की तब्येतीमुळे बाबांचा कॉम्प्युटरचा नाद सुटला. आईनं तिथंच थांबवलं. "हे खोड. तसं नव्हतं झालं." ते पान फाडून मी पुन्हा लिहिलं. आता तुझ्या हातात आहे ते इथवर सगळं तिनं ऐकलेलं आहे. ऐकून झाल्यावर ती उठून शेजारच्या रंभाबाईंकडे जाऊन बसली, अजून आली नाही.

माफी मागायची म्हणून लिहीत नाही. ज्यांच्याकडे आधी मागायला हवी होती ते नाहीत. तू ये म्हणायचाही मला हक्क नाही. यायचं झालं तर आईसाठी ये, आणि मी घरी असू नये असं वाटत असेल तर तसं कळव, मी मोहाडीला थांबेन. फक्त एवढं खरं मान: बाबांनी तुझं काहीही नाकारलं नव्हतं. तू जे पाठवलंस ते त्यांनी कधी पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर पहिली नक्षी त्यांनी तुझ्यासाठीच काढली असती, हे इश्वरकाकांच्या पाठीमागे उभा असताना मला दिसलं.

तुमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिलेला,
भूपेंद्र