रक्ताचं निमित्त

कॅलाबार,
शुक्रवार

प्रिय एफिओम,

तुझी आतिमताई माझ्याकडे मागणी घेऊन येऊन गेली हे तुला कळलंच असेल, तूच पाठवलं होतंस तिला. कोलाच्या बिया, जिनची बाटली, वर एक भलंमोठं कोनफळ, सगळं अगदी रीतीप्रमाणे. या वयात माझं दार ठोठावायला कुणी येईल असं शेजाऱ्यांना वाटलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्याकडच्या बायका कपडे वाळत घालायचं सोडून आमच्या खिडकीकडे बघत उभ्या होत्या. ताईनं तुझा निरोप जसाच्या तसा सांगितला. ‘इक्वोला म्हणावं, तेव्हा रक्त आडवं आलं. आता आपल्याला काही लेकरं व्हायची नाहीत. मग आता रक्ताला विचारतो कोण?’ मी रीतीला धरून म्हटलं, विचार करून कळवते. ताई म्हणाली, ‘कर बाई विचार, पण फार लांबवू नकोस. त्यानं केस काळे करायला सुरुवात केलीय.’ हे पत्र म्हणजे तुझ्या मागणीचं उत्तर आहे. थोडं लांबेल. इतकी वर्षं शाळेत शिकवल्यावर थोडक्यात सांगणं जमत नाही.

खरं सांगते, त्या दिवशी माझं उत्तर ‘हो’ होतं. विचार वगैरे काही करायचा नव्हता मला. ताई फाटकाबाहेर पडली आणि मी आरशासमोर जाऊन उभी राहिले. दुसऱ्या दिवशी बाजारातून गडद हिरवं कापड घेतलं आणि लग्नातला लांब पायघोळ झगा, ओन्योन्यो, शिवायला शिंपिणीकडे टाकलं. ती म्हणाली, ‘मॅडम, कुणाचं लग्न?’ मी म्हटलं, ‘आहे एका म्हातारीचं.’ तिनं माझी मापं घेताना जे काही टोमणे मारले ते लिहिण्यासारखे नाहीत. पण मला आवडले. कितीतरी वर्षांत मला कुणी तसं चिडवलंच नव्हतं.

शाळेचं चाललंय नेहमीसारखं. सहामाहीत पेशीचा धडा झाला. चाळीस मुलं आणि एकच सूक्ष्मदर्शक, तोही असा की कांद्याचा पापुद्रा ठेवला तर अर्ध्यांना स्वतःच्याच पापण्या दिसतात. मग मुलांना घेऊन खाडीवर गेले. त्याच चिखलात, जिथं आपण दोघं विद्यापीठात असताना गुडघाभर रुतून खेकडे मोजायचो. खारफुटीची पानं गळतात, कुजतात, ते कुजकं खेकडे आणि शिंपले खातात, त्यांना मासे, माशांना बगळे आणि आपण. मी मुलांना सांगितलं, इथं काही वाया जात नाही, एकाचं कुजलेलं दुसऱ्याचं जेवण असतं. तुझी आफिओंग लगेच म्हणाली, ‘मॅडम, म्हणजे अफांगच्या रश्श्यातल्या शिंपल्यांतून आपण शेवटी चिखलच खातो.’ सगळा वर्ग हसला. मीही हसले. हुशार आहे तुझी पोर. तुझ्यासारखीच चटकन बोलते, पण मनात काही ठेवून बोलत नाही. हा गुण आईकडून आला असावा.

ती वर्गात आली म्हणून तर हे सगळं सुरू झालं. तिची आई गेल्यावर तू तिला तिकडे उत्तरेतल्या जोसहून इकडे आतिमताईकडे पाठवलंस, पहिल्या हजेरीत मी तुझं आडनाव वाचलं, आणि मग तुझे फोन यायला लागले. आधी पोरीच्या अभ्यासाचे. मग नुसतेच.

परवाच्या बुधवारी आम्ही आनुवंशिकतेपर्यंत आलो. तो धडा मी दर वर्षी कसा शिकवते ते तुला सांगायलाच हवं. फळ्यावर चार घरांचा चौकोन काढते. प्रत्येकाला रक्ताचं एक अक्षर आईकडून, एक बापाकडून. ए-ए म्हणजे ठणठणीत. ए-एस म्हणजे स्वतःला काही होत नाही, पण सिकलसेलचा आजार पोटात घेऊन फिरायचं. एस-एस म्हणजे तो आजारच, रक्तपेशी वाकड्या होऊन अडकतात आणि हाडं फुटतील असं दुखतं. दोघं ए-एस असली की चारातलं एक घर एस-एसचं. म्हणून आपल्याकडे चर्चमध्ये लग्नाची घोषणा होण्याआधी पाद्री दोघांच्या रक्ताचं विचारतो. एवढं सांगून झालं की मी खडू खाली ठेवते आणि गोष्ट सांगते. एक मुलगा आणि एक मुलगी होती. मुलगी ओरोनची, नदीपलीकडची. मुलगा इथलाच, शहरातला. लग्न ठरलं, मुलीनं रक्त तपासलं, ए-एस निघालं. ती आठवडाभर चर्चमध्ये गुडघ्यांवर बसून एवढंच मागत होती की त्याचं तरी ए-ए निघू दे. मग एका संध्याकाळी धक्क्यावर तो आला, तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला, ‘माझंही ए-एस.’ दोघं खूप रडली. मग तो म्हणाला, ‘आपल्या हौसेपायी एखाद्या लेकराची हाडं दुखवायची का आपण?’ आणि ती दोघं वेगळी झाली.

हे वाक्य, एफिओम, मी दर वर्षी म्हणते. तुझ्याच आवाजात म्हणायचा प्रयत्न करते. मुली डोळे पुसतात, मुलं बाकांवर रेघोट्या मारायला लागतात. नाव कधीच सांगितलं नाही, पण तुला मी या शाळेत संत करून ठेवलंय. जुने विद्यार्थी रस्त्यात भेटतात आणि म्हणतात, मॅडम, ती धक्क्यावरची गोष्ट ऐकली म्हणून आम्ही आधी रक्त तपासलं. मला तेवढाच अभिमान होता. लग्न नाही तर नाही, आपल्या दुःखातून कुणाचं तरी लेकरू वाचलं.

या बुधवारी गोष्ट संपली तेव्हा आफिओंगचे डोळे भरले होते. म्हणाली, ‘मॅडम, तो मुलगा किती चांगला असेल!’ मी म्हटलं, होता. मग तीच उठून फळ्याशी आली. ‘मी आमच्या घरचा चौकोन काढू? मम्मी एस-एस होती.’ हे मला माहीत नव्हतं. तुझी आरित सतत आजारी असायची एवढंच ऐकून होते. पोरगी भराभर अक्षरं मांडत होती. ‘पप्पा ए-ए. म्हणून आम्ही तिघी बहिणी ए-एस, चारही घरांत ए-एसच, दुसरं काही येऊच शकत नाही.’ मी म्हटलं, ‘बाळ, पप्पा ए-एस असतील. नशिबानं तुम्ही तिघी सुटलात.’ तिला राग आला. ‘मॅडम, पप्पा ए-ए आहेत! मम्मी सांगायची, तुझ्या पप्पांना मी दोन वेगवेगळ्या दवाखान्यांत स्वतः घेऊन गेले, कागद डोळ्यांनी बघितले, मगच हो म्हटलं. मम्मी म्हणायची, पुरुषाच्या तोंडाचं खरं मानायचं नाही, रक्ताचं मानायचं.’ वर्ग टाळ्या वाजवायला लागला. मी म्हटलं, बरोबर आहे, बस खाली. तास संपायला अवकाश होता. काय शिकवलं, मला आठवत नाही.

तरी मी तुझीच वकिली केली. मनाशी म्हटलं, तेव्हाची प्रयोगशाळा चुकली असेल, असे घोटाळे होतात. बिचाऱ्यालाही नंतरच कळलं असेल, मला सांगायला तोंड राहिलं नसेल. त्या दवाखान्यावर मी मनातल्या मनात इतकी चिडले की तुझ्यावर चिडायचं राहूनच गेलं. काल आतिमताई उत्तर विचारायला आली. मी चहा पुढे केला आणि सहज म्हटलं, ‘ताई, एफिओमचा तेव्हाचा रिपोर्ट चुकला होता का गं?’

‘कसला रिपोर्ट?’

‘ए-एस असल्याचा.’

ती खो खो हसली. ‘एफिओम आणि ए-एस? अगं, माझ्या लग्नाच्या वेळी आईनं आम्हा सगळ्या भावंडांना दवाखान्यात रांगेत उभं केलं होतं. सगळे ए-ए. मग वर्षभर चर्चमध्ये मिरवत होती, जसं काही तिनंच ते रक्त रांधलं होतं!’ ताईचं लग्न आपली ओळख व्हायच्याही आधीचं. माझं तोंड बघून तिचं हसू थांबलं. ‘तुला काय सांगितलं होतं त्यानं?’ मी सांगितलं. तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, ‘आम्हाला म्हणाला, इक्वोनं सोडलं मला. तिला ओरोनचा कुणी बोटवाला मिळालाय. आई मरेपर्यंत तुला शिव्या घालत होती. आणि मी, मी तर बाजारात तुला बघून तोंड फिरवायचे गं.’

फिरवायची खरी. मला वाटायचं, भावाच्या दुःखानं तिला माझ्याकडे बघवत नाही. म्हणून मीच रस्ता बदलायचे.

म्हणजे मी गुडघ्यांवर बसून तुझ्या रक्ताची भीक मागत होते तेव्हा तुला उत्तर माहीत होतं. तू तपासायला गेलाच नाहीस. एक संध्याकाळ निवडलीस, वाक्य तयार केलंस आणि धक्क्यावर येऊन माझ्याबरोबर रडलास. ते रडणं मला अजून समजत नाही. बाकी सगळं समजतं. कागद दाखव असं मी म्हटलं नाही. मला ते सुचलंच नाही. आरितला सुचलं. ती आयुष्यभर हाडांच्या दुखण्यानं शहाणी झाली होती. मला फक्त पुस्तकातलं माहीत होतं.

तुझ्या आईला नदीपलीकडची सून नको होती का? की तुलाच माझा कंटाळा आला होता? काही का असेना. त्या वेळी तसं तोंडावर म्हणाला असतास तर मी तुला चार लोकांत शिव्या दिल्या असत्या, महिना दोन महिने जेवले नसते, आणि पुढच्या नाताळाच्या आत दुसऱ्या कुणाशी लग्न करून मोकळी झाले असते. आलेही होते, चांगले ए-ए असलेले. मी नाही म्हटलं. जो माणूस न जन्मलेल्या लेकरासाठी आपल्यावर पाणी सोडतो त्याच्यानंतर दुसरा कसा चालेल, असं वाटायचं मला. तू मला सोडलंस याचं आता एवढं वाटत नाही. माझा राग तू काढून घेतलास. रागवायचं तरी कुणावर, रक्तावर? निसर्गावर? मी निसर्गाला माफ केलं, एफिओम, आणि तोच विषय पोट भरायला घेतला. माझ्या विषयालाच तू खोट्या साक्षीला उभं केलंस आणि मी ती साक्ष वर्गावर्गांतून पाठ करून घेतली.

आफिओंगला मी काही बोललेले नाही, बोलणारही नाही. तिला बाप हवा आहे, आणि बाप म्हणून तू वाईट नसावास. ती माझ्याकडेच शिकेल. हिरवं कापड कापून झालंय, शिंपीण परत घेत नाही, तेव्हा ते मी घालीन. मला शोभतं ते.

आतिमताई जाताना म्हणाली, ‘तू कशाला लिहितेस, मी फोनवरच त्याला सोलून काढते आणि नकार कळवते.’ मी नको म्हटलं. तोंडी नकार तुझ्या हातात पडला तर त्याचं तू काय करशील हे मला आता माहीत आहे. लोकांना सांगशील, इक्वो अजून रक्ताला घाबरते. नाहीतर सांगशील, कुणी मिळाला असेल ओरोनचा. एकदा माझ्या माथी खोटं कारण मारून तू मोकळा झालास आणि मी ते इतकी वर्षं माहीत नसताना वाहिलं. दुसऱ्यांदा तसं होऊ द्यायचं नाही, म्हणून हे पत्र लिहिलं. उद्या ताईला बसवून मोठ्यानं वाचून दाखवीन, मगच टपालात टाकीन. तुला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. मला कुणी दुसरा मिळालेला नाही. मला कशाची भीती वाटत नाही. तू खोटं बोललास, म्हणून ‘नाही’. रक्ताचा याच्याशी काही संबंध नाही.

एके काळी खरोखर तुझी असलेली,
इक्वो