लेओंतीनबाईंचा पाय आणि माझं तोंड

सँ-मार्सियाल, कोरेझ
रविवार, तिसरा प्रहर

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या अच्युतचा साष्टांग नमस्कार. (आठातली सहाच अंगं आज जमिनीला टेकतील, उरलेल्या दोन पोटऱ्या आहेत आणि त्या का टेकत नाहीत ते पुढे येईल.) इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे आज आहेत. गुरुवारी विचारलं असतंस तर वेगळं उत्तर मिळालं असतं. खरं तर उत्तरच मिळालं नसतं. तुझी तब्येत, तुझा रक्तदाब, तुळशीला आलेली कीड, सगळ्याची चौकशी या एका वाक्यात करून टाकतो. तुझ्या गुडघ्याची मात्र करत नाही. तशी तंबी तू फोनवर दिली आहेस. तुझा शिरीष म्हणतो की ऑपरेशनला चार महिने झाले, डॉक्टर चाला म्हणतात आणि तू पलंगावरून "उद्या" म्हणतेस. (हे मी विचारत नाही. शिरीष काय म्हणतो ते फक्त नोंदवतो.) या पत्रात तुझ्या गुडघ्याविषयी एक अक्षर येणार नाही. माझा निश्चय म्हणजे काय ते आता सगळ्या खोऱ्याला कळलेलं आहे.

तर आमच्या सासूबाई. मारिझची आई, लेओंतीन, वय चौऱ्याऐंशी. ईस्टरच्या आठवड्यात त्या तळघराच्या पायरीवरून घसरल्या हे तुला कळवलं होतंच. हातात अक्रोडाच्या तेलाची बाटली होती. बाटली वाचली, मांडीचं हाड मोडलं. (त्या अजूनही याच क्रमानं सांगतात, आणि पहिलं वाक्य अभिमानानं.) हाड जुळलं. डॉक्टरांनी फोटो दाखवला. मारिझ स्वतः नर्स, तिनं तोच फोटो उजेडात धरून पुन्हा दाखवला. काठी आणली, चारपायी आधार आणला, त्या आधारावर सासूबाईंनी मोजे वाळत घातले. पाय काही खाली टाकीनात. "हाड जुळलंय, हिशेब नाही जुळला," एवढंच म्हणायच्या.

हिशेब संतांचा. कोकणात देवाला कौल लावतात ना, तसे इथे कोळसे टाकतात. इथल्या प्रत्येक झऱ्याला एक संत आहे, आणि शरीराचा एखादा भाग चालेनासा झाला की तो का चालत नाही याआधी कोणाचं देणं राहिलंय हे विचारतात. माझ्यासारख्या न्यायशास्त्र शिकलेल्या माणसाला चार प्रमाणं माहीत होती. घरजावई झाल्यावर पाचवं कळलं, ते सासूबाई.

हे वर्षभर चाललं असतं, पण बोर्दोहून रेजीचा फोन आला. रेजी म्हणजे मारिझचा भाऊ, दोन वाक्यांत तीन निर्णय घेणारा. त्यानं ब्रीव्हच्या वृद्धाश्रमात खोली धरून ठेवली होती. रविवारी येतो, म्हणाला. आई स्वतःच्या पायांवर उभी दिसली तर राहील, नाहीतर गाडीतून घेऊन जातो. तो वाईट माणूस नाही ग. मारिझ दिवसभर लोकांच्या आया उचलते आणि रात्री स्वतःची, हे त्याला दिसत होतं. सासूबाईंनी ऐकून घेतलं, भिंतीकडे तोंड केलं आणि विचारलं, "तिथे कोंबड्या ठेवू देतात का?"

त्याच संध्याकाळी शेजारच्या आलिदाबाईंना बोलावणं गेलं. त्यांनी पाण्याचं वाडगं घेतलं, चुलीतले निखारे घेतले आणि एकेका संताचं नाव घेऊन एकेक निखारा सोडला. जे तरंगले ते संत प्रसन्न. तीन बुडाले. एक तळ्याचा सँत्रोप, एक धबधब्याखालचा सँ द्युमिन आणि एक पलीकडच्या तांबड्या दगडांच्या गावातला सँ पार्दू. आता रोग्याच्या वतीनं कोणीतरी पायी जायचं, दिवसाला एक झरा, पाणी आणायचं, पायावर ओतायचं. आणि पहिल्या दिवशी उंबरठा ओलांडल्यापासून तिसऱ्या झऱ्याचं पाणी ओतेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. शब्द निघाला की सगळंच फुकट, तिन्ही झऱ्यांचं.

"जायचं कोणी?" मारिझनं विचारलं. आलिदाबाई म्हणाल्या, "घरात ज्याला गप्प राहणं सगळ्यात जड जातं त्यानं." ताई, स्वयंपाकघरात सगळ्यांनी अतिशय सभ्यपणे माझ्याकडे बघायचं टाळलं. पलंगावरून आवाज आला, "छे छे, त्याच्यानं व्हायचं नाही. हा फाटकापर्यंत जायच्या आत शेळीला व्याकरण शिकवील."

मी संतांसाठी निघालो नाही. मी त्या वाक्यासाठी निघालो.

गुरुवारी तळं. आता यात अडचण अशी की सँत्रोपचा झरा धरणाच्या पाण्याखाली जाऊन तुझ्या वयाइतकी वर्षं झाली. आलिदाबाईंना आदल्या दिवशीच मी हा आक्षेप सप्रमाण सांगितला होता. "संताला पोहता येत नाही," त्या म्हणाल्या. "तो होता तिथेच आहे. तू वर जा." जुन्या गावाच्या देवळाचा कळस जिथे बुडाला तिथे पिवळं पिंप तरंगतं, तिथवर जायचं. काठावर भाड्यानं मिळत होती ती एकच नाव, पायांनी हाकायची, राजहंसाच्या आकाराची. सरस्वतीच्या वाहनावर बसण्याइतकी विद्या आपल्या घराण्यात तीन पिढ्यांत कोणी मिळवली नाही. मी पोटऱ्यांच्या जोरावर मिळवली. पिंपाशी पोचतो तोच हंसाच्या मानेत कार्प मासे धरणाऱ्या एकाच्या गळाची दोरी अडकली. तो पहाटेपासून बसलेला. "ए हंसवाल्या! आंधळा आहेस का? अरे, तुझ्याशी बोलतोय! वा, माफी मागायलाही जीभ नाही!" मी छातीवर हात ठेवून वाकलो. वाकल्यावर हंस कलला, टोपी पाण्यात गेली, बाटली मात्र भरून आली. (बाटली वाचवण्याची आमच्या घरातली परंपरा मी राखली.) घरी येऊन पाणी ओतलं. सासूबाई पायाकडे बघून म्हणाल्या, "गार आहे." प्रगती एवढीच.

शुक्रवारी धबधबा. तिथली वाट म्हणजे खडकात कोरलेली घसरण. तुला ठाऊक आहे, हे गाव मला बावीस वर्षं योग शिकवा म्हणतंय आणि बावीस वर्षं मी समजावतोय की मी संस्कृत शिकवतो, माझी बोटं पायाच्या अंगठ्यांना बेचाळिसाव्या वर्षी शेवटची भेटली. खाली झऱ्यापाशी पोचलो, दम लागला म्हणून एका दगडावर मांडी घातली आणि डोळे मिटले. उघडले तर समोर त्यूलच्या योगमंडळाच्या अकरा बायका माझ्याचसारखी मांडी घालून, डोळे मिटून बसलेल्या. सहलीला आल्या होत्या. उठून निघालो तर त्याही उठल्या आणि एका ओळीत, पाय न वाजवता, माझ्यामागून चढू लागल्या. मी थांबलो की त्या थांबायच्या. मी शिंकलो तेव्हा एकीनं हात जोडले. वर कॅफेच्या दारात मालक ग्लास पुसत उभा होता. तो एवढंच म्हणाला, "आलात का शेवटी कबुलीवर, प्रोफेसर?" बावीस वर्षांचं शास्त्रशुद्ध खंडन एका दुपारी वाहून गेलं. पुढच्या मंगळवारपासून सभागृह राखून ठेवलंय म्हणे.

त्या रात्री पाणी ओतल्यावर सासूबाईंनी अंगठा हलवला. मारिझ म्हणाली, तो पहिल्यापासूनच हलतो. पण मी पाहिलं, त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या नव्हत्या.

शनिवारचं सांगायला मला अजून त्रास होतो. तांबड्या गावाला अंधारात निघून दुपारी पोचलो. सँ पार्दूच्या झऱ्यावर कमान आहे, कमानीवर लॅटिनमध्ये चार ओळी आहेत, आणि कमानीखाली एक वाटाडी मुलगी वीस पर्यटकांना त्या चार ओळींचा अर्थ सांगत होती. ताई, एकही विभक्ती जागेवर नव्हती! दगड म्हणतो की या बाईनं हे पाणी गावाला दिलं. मुलगी सांगत होती की गावानं ही बाई पाण्यात दिली. लोक हळहळले. एका गृहस्थानं विचारलं, लॅटिन आणि संस्कृत सारखंच ना? ती म्हणाली, हो, फक्त संस्कृत उजवीकडून डावीकडे लिहितात. मी माझी दुसरी टोपी दातांत धरली. आपल्या गुरुजींनी चुकीच्या रूपाला छडी मारली तेव्हासुद्धा माझ्या डोळ्यांत इतकं पाणी आलं नव्हतं. त्या मुलीचं लक्ष गेलं. "आजोबांना किती वाईट वाटतंय बघा त्या बाईबद्दल," ती म्हणाली आणि मला कागदी रुमाल दिला. (आजोबा!) मी रुमाल घेतला, बाटली भरली आणि मागे वळून न पाहता निघालो. हिमालयात तप करणाऱ्या ऋषींचं मला फारसं कौतुक राहिलेलं नाही. तिथे कोणी चुकीचं लॅटिन बोलत नाही.

घरी पोचलो तर अंगणात रेजीची गाडी. रविवारी रग्बीचा सामना आहे म्हणून तो शनिवारीच आला होता. सासूबाईंची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. आत मारिझ टेबलाशी बसलेली, डोळे लाल. ती म्हणत होती, "मला नाही ठरवता येत रे. घर आम्ही तिघं चालवतो. अच्युत सांगेल तसं." दोघांनी माझ्याकडे बघितलं. सासूबाईंची खोली स्वयंपाकघराला लागूनच, दार उघडं, म्हणजे तिघांनी. मी बाटली दाखवून खोलीकडे निघालो. रेजी दारात आडवा. "पाणी नंतर, मेव्हणे. आधी उत्तर. आईला इथे ठेवायचं की नाही? न्यायला हरकत आहे?"

मी जोरात मान हलवली.

"बघ, हरकत नाही म्हणतोय," रेजी म्हणाला.

"अरे, आहे म्हणतोय," मारिझ म्हणाली. "हे त्याचं 'हो' आहे."

"हो? काल-परवा फोनवर दिसलं ना मला, तू सूप हवं का विचारलंस, त्यानं अश्शीच हलवली आणि तू वाडगं उचलून नेलंस!"

"ते त्याचं सूपचं 'हो' होतं. वाडगं भरून आणायला नेलं."

मी पुन्हा हलवली, आता निराळ्या दिशेनं. त्यानं घोटाळा वाढला. ताई, आपल्या मानेनं हजारो वर्षं सगळं काम चालवलं, पण ती निर्यातीला योग्य नाही. "तोंडानं सांग," रेजी म्हणाला. "एक शब्द. नाहीतर मी होकार धरतो."

एक शब्द म्हणजे काय ग. मी बावीस वर्षांत एका शब्दावर कधी थांबलो नव्हतो, आणि आता तो एक निघाला असता तर हंस, धबधबा आणि त्या मुलीचं लॅटिन, सगळं मातीत. आणि त्यांचा पाय. कोळशावर माझा विश्वास नाही. पण त्यांचा होता, आणि पाय त्यांचा होता. बाटली दोन्ही हातांत घट्ट धरून मी दातावर दात दाबले.

आतून गर्जना झाली. "बोल की रे! बोल ना, मेल्या! बावीस वर्षं माझे कान खाल्लेस, कोंबड्यांना सोडलं नाहीस, पाद्र्याला सोडलं नाहीस, आणि आज मला घालवतायत तेव्हा तुला अवसान आलं होय गप्प बसायचं?"

मी गप्प.

"थांब, येतेच!"

पलंग करकरला. मग लोकरी मोज्यांचा घासत घासत आवाज आला. चौकट धरून लेओंतीनबाई दारात उभ्या राहिल्या, रेजीला कोपरानं बाजूला केलं आणि त्याला म्हणाल्या, "या घरात कोण राहणार ते अजून मी सांगते. आणि तू बूट न पुसता आत आलास." रेजीनं खाली पाहिलं, पण बुटांकडे नाही. मारिझनं तोंडावर हात धरला. आपण उभ्या आहोत हे कळणाऱ्या त्या शेवटच्या. त्यांनी एकदा खाली पायाकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "बघतोयस काय? ओत."

मी तिथेच, फरशीवर, त्यांच्या उभ्या पायावर सँ पार्दू ओतला. रेजीनं गुपचूप बूट काढून फरशी पुसली आणि भरलेली पिशवी खोलीत परत नेऊन ठेवली.

तीन दिवसांनी उघडलेल्या या तोंडातून पहिलं काय बाहेर पडावं याची सगळ्यांना उत्सुकता होती. मी त्या कमानीवरच्या चारही ओळी विभक्तीसकट समजावून सांगायला घेतल्या. दुसऱ्या ओळीला सासूबाईंनी काठी मागितली, आणि तिसरीला त्या माझ्यापासून लांब, पार खुराड्यापर्यंत, चालत गेल्या.

थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, शिरीषला कान पकडून दोन्ही.

तुझा आज्ञाधारक,
अच्युत

ता. क. वचन दिल्याप्रमाणे तुझ्या गुडघ्याविषयी वर एक अक्षर नाही, हे तपासून पाहा. पत्र वर संपलं. हे खालचं पत्रात धरत नाहीत.

दुसरा ता. क. आज सकाळी सासूबाईंनी विचारलं, तुझी बहीण फोनवर नेहमी पलंगावरच का दिसते? मी सांगितलं. त्यांनी आलिदाबाईंना हाक मारली, तुझ्या नावानं निखारे सोडले. तुझा धबधब्याच्या संताच्या नावाला बुडाला. मी टोपी उचलली तर सासूबाई म्हणाल्या, "तू बस. तुला आता गप्प राहायची सवय झाली, त्यात काही राम नाही. जड कोणाला जातं ते बघायचं असतं." आणि ताई, त्या स्वतः गेल्या. मारिझनं वरपर्यंत गाडीनं नेलं म्हणून घरी परतल्यावर (लांबच्या रोग्यासाठी मौन उंबरठ्यापर्यंतच, असं आलिदाबाई म्हणतात) पाच मिनिटं शिव्या खाल्ल्या. पण ती खडकातली वाट त्या काठीच्या आधारानं उतरल्या आणि चढल्या, मारिझ पुढे, मी मागे. अर्ध्या वाटेवर पाद्री भेटला, नमस्कार म्हणाला, त्याला उत्तर दिलं नाही. तो आता घरी येऊन गेला, आपलं काय चुकलं ते विचारायला. बाटली मारिझच्या ओळखीच्या एक बाई पुण्याला निघाल्यात त्यांच्या सामानात येते आहे. तिथून शिरीष आणील. अट एकच: रोग्यानं ती आपल्या उंबरठ्यावर, उभं राहून घ्यायची. उंबरठा तुझ्या पलंगापासून फार नाही. मी लहानपणी तिथून पळून जायचो आणि तू मला धरून आणायचीस.

तिसरा ता. क. बाटली पोचूनही तू उठली नाहीस तर चूक कुठे झाली ते बघायला लेओंतीनबाई डिसेंबरात स्वतः मिरजेला येणार आहेत, दोन महिन्यांसाठी. पासपोर्टचा फोटो काढून झाला. बरोबर बदकाची चरबी किती आणू आणि तिथे कोंबडी आपण कापायची की कापून मिळते, एवढंच त्यांनी विचारलं आहे. मी अजून काहीच सांगितलेलं नाही. गप्प बसणं मला आता जमतं. तेव्हा ऊठ.